परशुरामाचं दर्शन: खर्च किती, वेळ किती, पैसे कुठे वाचतात

दर्शनाला पैसे लागत नाहीत, हे आधी लक्षात ठेवा. चिपळूणजवळच्या श्री क्षेत्र परशुराम इथल्या भार्गवरामाच्या मंदिरात दर्शनासाठी तिकीट नाही. रांग चुकवून देतो, जवळून दर्शन घडवतो असं सांगून कुणी पैसे मागितले तर सरळ पुढे चला. तुमचा खर्च होतो तो पोचण्यावर, पूजेच्या साहित्यावर, मुक्कामावर आणि शेवटी बिलात टाकल्या जाणाऱ्या, आधी न सांगितलेल्या गोष्टींवर. म्हणून हा हिशेब निघण्याआधी वाचा.

नकाशात फसू नका

मंदिर आहे पेढे-परशुराम गावात, मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटाच्या माथ्याशी. चिपळूण शहरापासून साधारण १० किलोमीटर, खेडच्या दिशेने. फोनच्या नकाशात नुसतं ‘लोटे परशुराम’ टाकलंत तर तुम्ही कारखान्यांच्या वसाहतीत पोचाल, कारण लोट्याच्या औद्योगिक क्षेत्राचं नावही तेच आहे. तेव्हा ‘परशुराम मंदिर, पेढे’ असं शोधा.

मुंबईकडून गाडीने येत असाल तर कशेडी, खेड, भोस्ते घाट, लोटे आणि मग परशुराम असा क्रम लागतो. चिपळूण त्यानंतर, घाट उतरल्यावर. बरेच जण आधी शहरात उतरतात, खोली घेतात, जेवतात आणि मग तोच घाट पुन्हा चढतात. दुपारी बारापर्यंत पोचत असाल तर आधी दर्शन घ्या आणि मग खाली उतरा. वीस किलोमीटरचं पेट्रोल आणि तासभर वेळ वाचेल.

रेल्वेने येत असाल तर

कोकण रेल्वेचं चिपळूण स्टेशन शहराच्या मध्यात नाही. ते वालोप्याला आहे, शहर आणि परशुराम यांच्या मधे. म्हणजे मंदिरात जायला आधी शहरात जाण्याची गरज नाही. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला थेट परशुरामचं भाडं विचारा. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी या गाड्या चिपळूणला थांबतात. वंदे भारत थांबत नाही. ती खेडला थांबते आणि तिथून मंदिर वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. वंदे भारतचं तिकीट काढण्याआधी या पुढच्या प्रवासाचे पैसे हिशेबात धरा. वेळ वाचतो, पण रिक्षा किंवा टॅक्सीत बरेच पैसे जातात.

मुंबईहून शयनयानाचं तिकीट तीनशे रुपयांच्या आत बसतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती, शिमगा आणि मे महिना या तिन्ही वेळांना पहिल्याच दिवशी सकाळी आठला बसलात तरच जागा मिळते. ऑनलाइन तिकिटावर सेवाशुल्क लागतं. यूपीआयने भरलंत तर साध्या वर्गाला १० आणि वातानुकूलितला २० रुपये, कार्डाने भरलंत तर १५ आणि ३० रुपये, वर जीएसटी. हे शुल्क दर माणशी नसून दर तिकिटामागे असतं. म्हणून चौघांचं तिकीट एकत्रच काढा.

एसटी: सगळ्यात स्वस्त आणि पुरेशी

चिपळूणहून खेड, दापोलीकडे जाणाऱ्या गाड्या परशुराम घाटातून जातात. बसण्याआधी वाहकाला विचारा, ‘परशुरामला थांबणार का?’ लांब पल्ल्याच्या जलद गाड्या थांबतीलच असं नाही. साध्या गाडीचं भाडं दर ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के वाढीनंतर एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाले. परशुरामला दोन टप्पे पडतात, म्हणजे माणशी वीस-एकवीस रुपये.

सवलती विसरू नका. महिलांना अर्ध तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्ध, ७५ च्या पुढे मोफत. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्ध. ज्येष्ठांनी वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवायचं. नवरा-बायको, सत्तरीची आई आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघं असाल तर एका बाजूचं भाडं साठ रुपयांच्या आत होतं. हेच चौघं रिक्षाने निघाले तर कायद्याने तीनच प्रवासी बसतात, चौथ्यासाठी जादा मागितले जातात किंवा दुसरी रिक्षा करावी लागते. गाडीची वाट बघायची तयारी असेल तर मी एसटीच सुचवेन.

परतताना मात्र अंधार पडेपर्यंत थांबू नका. उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या दुकानात खाली जाणाऱ्या गाड्यांची वेळ विचारून घ्या.

रिक्षा: बोलणी आधी, बसणं नंतर

इथे मीटरवर चालणारी रिक्षा मिळेल असं गृहीत धरू नका. भाडं ठरवावं लागतं आणि ठरवताना हाताशी मोजपट्टी हवी. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून मीटरचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे. त्या हिशेबाने १० किलोमीटरचे १७१ आणि जाऊन-येऊन ३४३ रुपये होतात. वर घाटाची चढण आणि तासभर थांबणं. चारशे ते पाचशेत सौदा झाला तर तो रास्त. आठशे-हजार सांगितले तर पुढच्या रिक्षाकडे जा.

चार गोष्टी बसण्याआधी मोठ्याने बोलून घ्या. भाडं एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं? थांबण्याचे वेगळे का, आणि किती वेळानंतर? रिक्षा पायऱ्यांच्या तोंडाशी सोडणार की महामार्गावर? वाटेत घाटातल्या विसावा पॉइंटला थांबलो तर त्याचे पैसे धरलेत का? तिसरा प्रश्न वडीलधाऱ्यांसाठी महत्त्वाचा. महामार्गावर उतरवलं तर गावातून चालत जावं लागतं आणि उन्हात तेवढ्यानेच माणूस थकतो.

स्वतःची गाडी

मुंबईहून चिपळूण साधारण २४५ किलोमीटर. गाडी लीटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये असं धरलं तर जाऊन-येऊन साडेतीन हजारांच्या आसपास फक्त इंधन. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही. दक्षिण मुंबईतून अटल सेतूने गेलात तर मात्र मोटारीला एका बाजूचे २५० रुपये. वेळेची घाई नसेल तर तो खर्च टाळता येतो. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना ते घरूनच बघा. फास्टॅग चालला नाही आणि रोख भरलेत तर दुप्पट, यूपीआयने भरलेत तर सव्वापट द्यावे लागतात.

पुण्याहून दोन वाटा आहेत. ताम्हिणीतून माणगाव-महाडमार्गे, किंवा सातारा रस्त्याने उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. दुसरीवर खेड-शिवापूर आणि आनेवाडीचे टोल लागतात. पावसाळ्यात दोन्ही घाटांत दरडी आणि धुकं, तेव्हा उजेडातच पार करा.

परशुराम घाटाबद्दल वेगळं सांगायला हवं. चौपदरीकरणासाठी डोंगर कापल्यापासून इथे दरडींचा त्रास वाढला. २०२१ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत पेढ्यात दरड कोसळून माणसं गेली. २०२२ मध्ये कामासाठी घाट दिवसाचे काही तास बंद ठेवला होता. घाट बंद असेल तर हलकी वाहनं चिरणी-आंबडस-कळंबस्ते रस्त्याने वळवतात. हा रस्ता अरुंद आहे, तास-सव्वा तास जास्त धरा. मुसळधार पावसाचा लाल इशारा असेल त्या दिवशी जाऊच नका. देव तिथेच आहे.

गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार टोलमाफीचा पास देतं. तो पोलीस ठाण्यातून किंवा परिवहन कार्यालयातून मोफत मिळतो. गाडीचा नंबर आणि प्रवासाची तारीख सांगायची. दलालाला पैसे देण्याचं कारण नाही.

मंदिरात पोचल्यावर

रस्त्यापासून मंदिराकडे जांभ्याच्या पायऱ्या उतरून जायचं आहे. उतरताना सोपं वाटतं, पण परत येताना सगळी चढण आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच जावं, काठी घ्यावी, मधे बसत यावं. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि प्लास्टिकच्या चपला सटकतात. पट्ट्याची, रबरी तळव्याची चप्पल घाला. पाण्याची बाटली वरूनच घेऊन उतरा आणि छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. ‘थंड करण्याचे’ म्हणून वेगळे पैसे घेणं बेकायदा आहे.

पूजेच्या ताटाचं सांगतो. ताट हातात दिलं जातं तेव्हा किंमत बोलली जात नाही. नारळ, फुलं, उदबत्ती, खण, हळदकुंकवाच्या पुड्या असं सगळं त्यात असतं, आणि दर्शन घेऊन वर आलात की आकडा कळतो. ताट घेण्याआधी किंमत विचारा आणि नको ते काढून ठेवायला सांगा. नुसता नारळ आणि फुलं पुरतात. मंदिरामागच्या रेणुकामातेची ओटी भरायची असेल तर खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी चिपळूणच्या बाजारातून आणा. तिथे चार दुकानं फिरून भाव बघता येतो.

अभिषेक किंवा पूजा करायची असेल तर थेट संस्थानच्या कार्यालयात जा. पैसे तिथेच भरा आणि छापील पावती घ्या. भरण्याआधी विचारा की या रकमेत साहित्य आलं का, गुरुजींची दक्षिणा आली का, नैवेद्य आला का. बहुतेक कुरबुरी याच तीन गोष्टींवरून होतात. पावतीवर नाव, गोत्र आणि तारीख बरोबर लिहिली आहे ना ते तिथेच वाचा. गाभाऱ्यात बसणार असाल तर सोवळ्याचा नियम आदल्या दिवशी विचारून ठेवा, ऐनवेळी धोतर विकत घेण्याची पाळी येऊ नये. देणगी देणार असाल आणि करात वजावट हवी असेल तर ८० जीची पावती मिळते का ते विचारा. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या रकमेला वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मुळातच मिळत नाही.

भिंतीवर चिकटवलेल्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे टाकू नका. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर संस्थानचं नाव येतं की एखाद्या व्यक्तीचं, ते बघा. पूजा किंवा खोली आरक्षित करून देतो म्हणणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्रीय गृहखात्याच्या सायबर विभागाने २०२५ मध्ये यात्रेकरूंना इशारा दिला होता. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

गाइड कशाला? कथा इथेच वाचून जा

कुणी सोबत येऊन ‘इतिहास सांगतो’ म्हणालं तर त्याचे पैसेही शेवटीच सांगितले जातात. या क्षेत्राच्या कथा चार-पाच आहेत. चालण्याच्या क्रमाने सांगतो, म्हणजे काय बघतोय ते कळेल.

सुरुवात घाटातल्या विसावा पॉइंटपासून करा. खाली वाशिष्ठी नदी दिसते, तिच्या काठाला गोवळकोटची टेकडी. परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि जिंकलेली सगळी भूमी कश्यपाला दान दिली. दान दिलेल्या जमिनीवर राहायचं कसं? म्हणून सह्याद्रीवरून बाण सोडून त्याने समुद्राला मागे हटायला लावलं, आणि जी पट्टी उघडी पडली ते कोकण. गोव्यात हाच बाण बाणावलीला पडला म्हणतात, केरळात बाणाऐवजी परशू फेकल्याचं सांगतात. इथल्या डोंगरालाही महेंद्रगिरी म्हणतात, आणि ओडिशातही एक महेंद्रगिरी आहे. यावर कुणाशी वाद घालू नका.

मंदिर समोर आलं की आधी घुमटाकडे बघा. ही घडण कोकणातल्या कौलारू देवळांची नाही. यावर विजापुरी छाप आहे. त्यामागची कथा अशी सांगतात की, विजापूरच्या राजघराण्यातल्या एका स्त्रीची गलबतं समुद्रात हरवली. ती परत आली तर देऊळ बांधीन असा नवस तिने परशुरामाला केला. गलबतं आली आणि तिने तो फेडला. मला या क्षेत्राच्या सगळ्या कथांत ही सगळ्यात जवळची वाटते, मुलांना नक्की सांगा.

आत गाभाऱ्यात तीन मूर्ती आहेत. मधली मोठी परशुरामाची, बाजूंना काळ आणि काम. काळ आणि काम या दोघांना जिंकलेला म्हणून तो मधे, असा अर्थ सांगतात. गर्दीत बरेच जण मधलीच मूर्ती बघून बाहेर पडतात. तिन्ही बघा. परशुराम सात चिरंजीवांपैकी, म्हणून इथे जयंती होते, पुण्यतिथी नाही. स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडात चौदा प्रेतांना चितेवर शुद्ध करून सजीव केल्याची चित्तपावनांची कथा आहे ती याच देवाची, त्यामुळे परदेशात स्थायिक झालेली चित्तपावन कुटुंबंही सुट्टीत इथे येतात.

मागच्या बाजूला रेणुकामातेचं देऊळ आणि जवळच बाणगंगा. परशुरामाने बाण मारून हे पाणी काढलं अशी श्रद्धा आहे. वडिलांच्या, जमदग्नीच्या, आज्ञेवरून आईचा शिरच्छेद आणि मग वर मागून तिला पुन्हा जिवंत करणं, ही कथा अवघड आहे. पण ज्याने ते केलं त्याच्याच देवळामागे आईचं देऊळ आहे, हे बघून मगच निघा. तिथे घाई करू नका.

आता कथा सोडून इतिहास. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर, बाजीराव पेशव्यांचे गुरू, या परिसरात तपश्चर्या करून होते आणि देवस्थानाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. अंजनवेल-गोवळकोटचा सिद्दी सात याचा एक हत्ती सावनूरहून येताना आंग्र्यांच्या माणसांनी अडवला. सिद्दीने ठपका स्वामींवर ठेवला आणि १७२७ च्या महाशिवरात्रीला परशुरामावर चालून येऊन देऊळ लुटलं, मोडलं. १९ एप्रिल १७३६ ला चिमाजीअप्पाने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला ठार केलं. मंदिर पुन्हा उभं राहिलं ते स्वामींच्या खटपटीने. विसावा पॉइंटवरून दिसणारी टेकडी ती याच सिद्दीच्या गोवळकोटची.

तिथे जायचं असेल तर शहरातून रिक्षाने थोडक्यात होतं. पायथ्याशी करंजेश्वरीचं देऊळ आहे, शिमग्यात इथला पालखी सोहळा मोठा. शहरात रावतळ्याला विंध्यवासिनी आहे, तेही बघा. परशुराम आणि ही दोन, एवढं एका दिवसात आरामात होतं. त्यात मार्लेश्वर किंवा हेदवी कोंबण्याचा आग्रह टॅक्सीवाले धरतात. दोन्ही बरीच लांब आहेत, त्यांना वेगळा दिवस द्या. पावसाळ्यात परशुराम घाटाजवळचा सवतसडा धबधबा महामार्गावरून दिसतो. तेवढंच बघा, पाण्यात उतरू नका.

कधी जावं, कुठे राहावं

सगळ्यात बरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळची वेळ. मंदिरासाठी दीड तास धरा, चिपळूणहून जाऊन-येऊन अर्धा दिवस. अक्षय्य तृतीयेला जयंतीचा उत्सव असतो. परशुरामाचा जन्म सूर्यास्तानंतरचा मानतात, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी गर्दी चढत जाते. नुसतं दर्शन हवं असेल तर सकाळी लवकर या. उत्सव बघायचा असेल तर मुक्काम आधीच ठरवा, कारण त्या दिवसांत शहरात खोल्यांचे भाव वाढतात. एप्रिल-मे मध्ये उकाडा इतका असतो की लहान मुलं आणि वृद्धांना दुपारी पायऱ्यांवर नेऊ नये.

एरवी चिपळूणमध्ये साध्या, स्वच्छ खोलीला हजार ते दीड हजार धरा, वातानुकूलितला दोन हजारांच्या पुढे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ पूर्वी तो १२ टक्के होता. बिलात अजून १२ टक्के लावलेले दिसले तर तिथेच दाखवून द्या. सांगितलेला भाव करासह की कराविना, सकाळी कितीला खोली सोडायची, गरम पाणी किती वाजेपर्यंत, चालकाची झोपण्याची सोय आहे का, हे आगाऊ पैसे भरण्याआधी विचारा. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचं पारपत्र आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड मूळ प्रतीसह ठेवा. त्यांची नोंद २४ तासांत करणं हॉटेलवर बंधनकारक आहे आणि काही छोटी लॉज या कटकटीमुळे खोलीच देत नाहीत. फोनवरच विचारून घ्या.

जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावता येत नाही. तो काढायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर जीएसटीही घेता येत नाही. महामार्गावर कोकम, आगळ, फणसपोळी घेताना पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक बघा. हापूस घेत असाल तर पेटीवर लिहिलेल्या गावावर विसंबू नका, एक आंबा कापून दाखवायला सांगा. खात्री असलेला विक्रेता नाही म्हणत नाही.

जादा आकारणी झालीच तर वाद वाढवू नका. बिलाचा, फलकाचा आणि रिक्षाच्या क्रमांकाचा फोटो काढा. हॉटेल, दुकान, पाण्याची बाटली यांच्या तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, रेल्वेसाठी १३९, घाटात अडकलात किंवा अपघात झाला तर ११२. रिक्षाची तक्रार परिवहन कार्यालयात करता येते आणि तिला क्रमांक, वेळ, ठिकाण या तिन्ही गोष्टी लागतात.